मलकापूरला न पोहोचलेला प्रश्न

संपादकांनी मला कॉम्प्युटरच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहायला सांगितले होते. तसे अनुभव आहेत, एखादा सांगतोही. पण कागद पुढे घेऊन बसलो की मला एकच दिवस आठवतो आणि तो गमतीचा नाही. दिवाळीचा अंक हातात घेऊन निवांत बसलेल्या माणसाला हे का सांगावं, असं वाटून दोनदा लिहिलेलं फाडलं. तिसऱ्यांदा लिहिलं ते हे.

मी मूळचा मुरगूडचा. वडील गवंड्याच्या हाताखाली कामाला जायचे. आमच्या बौद्धवस्तीतून कोल्हापूरला येऊन कॉम्प्युटरची पदवी घेणारा मी पहिला. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे म्हणून सांगतो. नव्वदच्या दशकात कॉलेजला आलो तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं. मला ते बरं वाटायचं, कारण माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. सरांनी “समजलं का?” असं विचारलं की मी मान हलवायचो. समजलं नसलं तरी हलवायचो. आपल्यामुळे वर्ग थांबू नये एवढीच त्यामागची भीती.

पुढे कोल्हापुरातच राजारामपुरीत नोकरी लागली. पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या, चार कॉम्प्युटर. खाली चक्की सुरू झाली की टेबलावरचा माउस आपोआप सरकायचा. मालक बसवराज, गडहिंग्लजकडचे. घरी कन्नड, बाहेर मराठी. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. प्रोग्राम लिहायला मी आणि शैला. शैला कोल्हापूरच्याच शनिवार पेठेतली. तिचा आवाज असा की एकदा गिरणीवाले पिठाच्या हातांनी वर आले आणि भांडण चाललंय का म्हणून विचारून गेले. आम्ही फक्त एका फाइलचं नाव काय ठेवायचं ते ठरवत होतो.

आमचं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर तलाठ्याच्या खिडकीपासून सुरुवात करतो. तुमच्यासमोरच्या कॉम्प्युटरवर इंटरनेटची पानं दाखवणारा जो प्रोग्राम असतो तो ब्राउझर. माहिती जिथे ठेवलेली असते ते लांबचं मशीन म्हणजे सर्व्हर. ब्राउझर खिडकीशी जातो, विचारतो, सर्व्हर उत्तर देतो आणि खिडकी बंद होते. नंतर आत काहीही बदललं तरी सर्व्हर आपणहून उठून तुम्हाला सांगायला येत नाही. तलाठी कुठे येतो? पुन्हा तुम्हीच जायचं, पुन्हा विचारायचं. इंटरनेटची पानं मुळात अशी बनवलेली होती आणि वाचण्यापुरतं ते ठीक होतं. ज्या कामात क्षणाक्षणाला काही बदलतं आणि दोन्हीकडून बोलावं लागतं, तिथे पंचाईत व्हायची.

ती पंचाईत पहिल्यांदा नृसिंहवाडीच्या एका लॉजमालकांनी आमच्या गळ्यात घातली. त्यांच्या दोन इमारती होत्या आणि दोन काउंटर. पौर्णिमेच्या गर्दीत एकच खोली दोन्हीकडून दिली जायची. मी त्यांना दर दहा सेकंदांनी स्वतःहून नवं होणारं पान करून दिलं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. म्हणाले, “पावणं, तुमचं हे पान सारखं डोळं मिचकावतंय. गिऱ्हाइकाला वाटतंय मी खोल्या लपवायलोय.” जाऊन बघितलं तर त्यांनी मॉनिटरवर पंचा टाकून ठेवला होता आणि पूर्वीसारखी वही काढली होती.

मग मी एक युक्ती शिकलो. ब्राउझरने प्रश्न विचारायचा आणि सर्व्हरने उत्तरच द्यायचं नाही. प्रश्न तसाच धरून बसायचं. काही बदललं की मगच उत्तर द्यायचं. उत्तर मिळताच ब्राउझर लगेच पुढचा प्रश्न विचारून ठेवतो, सर्व्हर तोही धरून बसतो. म्हणजे खिडकी कायम उघडी आणि तलाठ्याला वाटेल तेव्हा बोलता येतं. मोठ्या शहरांत याला इंग्रजी नावं होती. आम्ही त्याला ‘धरून बसणं’ म्हणायचो. लॉजमालकांच्या पानाचं डोळे मिचकावणं थांबलं, त्यांनी कवठाच्या बर्फीचा डबा पाठवला आणि अण्णांनी तो गिरणीवाल्यांसकट सगळ्यांना वाटला. मला त्या युक्तीचा फार अभिमान वाटला. कोल्हापुरात हे आपल्यालाच येतं, असं काही दिवस मी मनातल्या मनात म्हणत होतो.

त्या जोरावरच पुढचं काम आलं. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. कोल्हापुरातल्या एका शिक्षणसंस्थेचं नर्सिंगचं कॉलेज होतं. मुख्य प्रवेश झाल्यावर ज्या थोड्या जागा उरायच्या त्यांच्यासाठी एक शेवटची फेरी व्हायची. प्रतीक्षायादीतल्या सगळ्यांनी त्या दिवशी कोल्हापूरला यायचं, क्रमाने नाव पुकारलं जायचं, हवी असेल त्याने जागा घ्यायची, नको असेल तर पुढचं नाव. शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या मुली पहाटे निघायच्या आणि सोबत आईबाप दिवसाच्या कामाला मुकून यायचे. अण्णांनी संस्थेला सांगितलं की हे सगळं तालुक्याच्या गावातून करता येईल. मुलीने आपल्या तालुक्यातल्या ठरलेल्या इंटरनेट कॅफेत बसायचं, तिचा नंबर आला की पडद्यावर प्रश्न येईल, ‘ही जागा तुम्हाला हवी आहे का?’ तिने होय किंवा नाही दाबायचं.

मी त्या कामात जीव ओतला. माझ्या वडिलांनी माझ्या प्रवेशासाठी चार दिवस काम बुडवलं होतं. दुसऱ्या कुणाच्या वडिलांना ते करावं लागू नये, असं मला खरंच वाटत होतं. आजही तो हेतू चुकीचा होता असं मी म्हणणार नाही.

संस्थेत शिंदे भाऊसाहेब म्हणून मुख्य लिपिक होते. इतकी वर्षं ती फेरी तेच घ्यायचे. प्रोग्राम कसा चालणार ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारून एकच विचारलं, की प्रश्न आला आणि मुलगी तेवढ्यात बाहेर गेलेली असली तर? मी म्हणालो, पाच मिनिटं थांबू, मग उत्तर नाही म्हणजे जागा नको असं धरून पुढचा नंबर.

“मी तीनदा पुकारतो,” भाऊसाहेब म्हणाले. “दोनदा व्हरांड्यातनं. तिसऱ्यांदा फाटकापतूर जातो. तिथला चहावाला बी वरडतो मग.”

मी हसलो. आदराने हसलो, पण हसलो. त्यांना म्हणालो, की आता फाटकापर्यंत जायची गरज पडणार नाही. माझं स्वतःचं नाव अशाच एका व्हरांड्यातून पुकारलं गेलं होतं. मी नळावर पाणी पीत होतो आणि एका अनोळखी बाईंनी दंडाला धरून मला टेबलापर्यंत नेलं होतं. भाऊसाहेबांसमोर बसलो होतो तेव्हा मला हे आठवलं नाही.

प्रोग्राम तयार झाल्यावर आम्ही तो तपासला. तपासायची आमची पद्धत अशी, की बाहेरच्या खोलीतून मी सर्व्हरवरून प्रश्न सोडायचा आणि आतल्या खोलीत शैलाने तीन कॉम्प्युटरवर तो आला का बघायचं.

“आला व्हय गं?” मी ओरडायचो.

“आला की!” आतून शैला.

दोन दिवस आमचं हेच चाललं होतं. एकदाही चूक निघाली नाही. आज मी त्या दोन दिवसांकडे बघतो तेव्हा मला चूक अगदी समोर दिसते. प्रश्न पोहोचला, हे प्रोग्राममधलं कुणीच कुणाला सांगत नव्हतं. ब्राउझर सर्व्हरला ‘आला’ असं कळवत नव्हता, कारण मी ते लिहिलंच नव्हतं. ते काम शैलाचा घसा करत होता. एखाद्या शांत शहरात, कानाला हेडफोन लावून गप्प बसणाऱ्या माणसांनी हा प्रोग्राम लिहिला असता तर कदाचित पहिल्याच तासाला त्यांच्या लक्षात आलं असतं. आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून कोल्हापुरी आवाजात एकमेकांना पोचपावती देत होतो, आणि ती प्रोग्रामच देतोय असं समजत होतो.

आणखी एक केलं. तपासताना कुणी मध्येच पान नव्याने उघडलं की उमेदवाराची नोंद दोनदा व्हायची. ते दुरुस्त करायला वेळ नव्हता. म्हणून मी केंद्रांसाठी सूचनांचा कागद काढला आणि त्यात जाड अक्षरांत लिहिलं, ‘फेरी संपेपर्यंत उमेदवाराने पान बदलू नये, पुन्हा उघडू नये, कशालाही हात लावू नये.’

फेरीच्या दिवशी मी संस्थेच्या ऑफिसात भाऊसाहेबांशेजारी बसलो होतो. अकरा वाजता सुरुवात झाली. केंद्रांवरून मुली एकेक करून हजर झाल्या, माझ्या पडद्यावर त्यांची नावं हिरवी दिसायला लागली. पहिले काही नंबर झटपट गेले. होय, होय, नाही, होय. भाऊसाहेब कौतुकाने बघत होते. एकदा म्हणाले, चांगलंय की, घसा दुखंना.

साडेबाराच्या सुमाराला शाहूवाडीतल्या मलकापूर केंद्रावरच्या एका मुलीचा नंबर आला. तिचं नाव वैशाली. आडनाव लिहीत नाही. माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली, ‘प्रश्न पाठवला’. एक मिनिट गेलं, दोन गेली. भाऊसाहेब म्हणाले, मलकापूरला फोन लावा. मी लावला. एंगेज. त्या कॅफेत एकच टेलिफोन लाइन होती आणि इंटरनेट त्याच लाइनवर चालायचं. मी भाऊसाहेबांना सांगितलं, की लाइन एंगेज आहे याचा अर्थ इंटरनेट चालू आहे, म्हणजे तिकडे सगळं ठीक आहे. कॅफेवाल्याकडे मोबाइल होता, पण तो नंबर आमच्यापैकी कुणी लिहून घेतला नव्हता.

“मग पोरगी का बोलंना?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“नको असेल तिला,” मी म्हणालो.

हे वाक्य माझं आहे. न समजता मान हलवणाऱ्या मुलाचं, ज्याला गप्प बसण्याची शंभर कारणं माहीत होती त्याचं. पाच मिनिटं पुरी झाली, नाव लाल झालं. पुढच्या नंबरची मुलगी कागलच्या केंद्रावर होती. तिने काही सेकंदांत होय दाबलं. नर्सिंगची ती शेवटून दुसरी जागा होती. दीड वाजता सगळ्या जागा भरल्या आणि भाऊसाहेबांनी फेरी संपल्याचं जाहीर केलं.

तीनच्या आसपास मलकापूरचे कॅफेवाले दिलीपभाऊ यांचा मोबाइलवरून फोन आला. अगदी सहज आवाजात म्हणाले, “सायेब, आमच्या पोरीचा नंबर कवा यायचा? तिनं सकाळधरनं पाणी बी घेतलं न्हाय. हात लावू नगा म्हनून तुमीच लिवलंय न्हवं?”

फेरी संपल्याची बातमीही त्या पडद्यावर पोहोचली नव्हती. तिथे अजून माझंच वाक्य होतं, ‘कृपया थांबा. तुमचा नंबर आल्यावर इथे दिसेल.’ ती मुलगी अकरापासून तीनपर्यंत, हात मांडीवर ठेवून, ते वाक्य वाचत बसली होती.

मी राजारामपुरीला आमच्या ऑफिसात धावत गेलो. शैलाने आणि मी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. तासाभरात उलगडा झाला आणि तो इतका साधा होता की शैलाचा आवाजसुद्धा खाली गेला. बाराच्या सुमाराला मलकापूरची लाइन क्षणभर तुटली होती आणि टेलिफोनवर इंटरनेट जोडून देणाऱ्या डबीने, मोडेमने, ती आपोआप पुन्हा लावली होती. कॅफेतली नवी पानं उघडत होती, त्यामुळे तिथे कुणाला काही कळलं नाही. पण वैशालीच्या ब्राउझरने जो प्रश्न आमच्याकडे धरायला दिला होता, त्याची वाट जुन्या लाइनबरोबर गेली होती. ते ब्राउझरला कळलं नाही आणि सर्व्हरलाही कळलं नाही. टेलिफोनवर बोलणं मध्येच कटलं आणि दोन्हीकडच्या माणसांना वाटलं की समोरचा गप्प बसलाय, तसं. सर्व्हरने ‘ही जागा तुम्हाला हवी आहे का?’ हा आपला प्रश्न त्या मेलेल्या वाटेवर सोडून दिला आणि ‘पाठवला’ अशी नोंद केली. पोहोचला की नाही हे त्याने कुणाला विचारलं नाही. विचारायला मी त्याला शिकवलंच नव्हतं. तिने पान एकदा पुन्हा उघडलं असतं तरी नवी वाट मिळाली असती, पण ते करायचं नाही असं मीच लिहून दिलं होतं.

मी अण्णांना सगळं सांगितलं. अण्णा वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण अशा गोष्टींत मालकावर ढकलणं सोपं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, की फेरी रद्द झाली तर कागलच्या मुलीची जागा जाते, तिच्यानंतरच्या मुलीचीही जाते, त्यांनी काय केलंय? तोवर शिपायाहाती संस्थेचं पत्र आलेलंच होतं. त्यात विचारलं होतं, ‘सदर उमेदवारास प्रश्न पाठवला होता काय? मुदतीत उत्तर आले काय?’

“खोटं लिवू नको,” अण्णा म्हणाले. “पण इचारलंय तेवढंच लिही.”

मी लिहिलं, ‘प्रश्न पाठवला होता. मुदतीत उत्तर आले नाही.’ खाली सही केली. दोन्ही वाक्यं खरी होती. शैला माझ्या खुर्चीमागे उभी होती. मी तिच्याकडे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता संस्थेतून बोलावणं आलं. वैशाली आणि तिची आई पहिल्या एसटीने आल्या होत्या. आई गावातल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या. नाव शांताबाई. भाऊसाहेबांच्या टेबलासमोर दोघी उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नव्हत्या. मुलगी माझ्या खांद्याएवढी, दोन वेण्या, हातात कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी. भाऊसाहेबांनी माझी ओळख करून दिली, की हे कॉम्प्युटरचे साहेब. मला साहेब म्हणवून घ्यायची तेव्हा सवय नव्हती. शांताबाईंनी हात जोडले. त्यांच्या वयाच्या बाईने माझ्यापुढे हात जोडावेत हे माझ्याच्याने बघवलं नाही. मी टेबलाकडे बघत राहिलो.

“सायेब, मला त्यातलं काय कळत न्हाय,” त्या म्हणाल्या. “एवढंच सांगा. हिच्याकडं तो प्रस्न आलता का न्हाय?”

भाऊसाहेब माझ्याकडे बघत होते. माझं पत्र त्यांच्या हातात होतं. इतकी वर्षं उमेदवार बघितलेल्या त्या माणसाला काहीतरी कमी सांगितलं जातंय याचा वास आला असावा, असं मला आता वाटतं. मला फक्त ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “आमच्या नोंदीत पाठवलेला आहे.”

 शांताबाई मुलीकडे वळल्या. त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या अगदी हळू बोलल्या.

“पेंगलीस व्हय गं तू?”

“न्हाय, आई. मी बघत हुते.”

“मशीन खोटं बोलंल व्हय? सायेब सांगायलेत की.”

“मी बघत हुते,” वैशाली पुन्हा म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं. विनंती नव्हती त्यात, रागही नव्हता. जो माणूस खरं काय ते सांगू शकतो, त्याच्याकडे बघावं तसं बघितलं. मी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला. आईने तिच्या हातातली पिशवी घेतली, त्या भाऊसाहेबांना येते म्हणाल्या आणि दोघी गेल्या.

नर्सिंगची जागा गेली हे नुकसान मी केलं ते चुकीने. अशी चूक कुणाकडूनही होते, असं मला आमच्या धंद्यातले लोक सांगतात आणि ते खरंही आहे. पण जी मुलगी चार तास डोळे न मिटता बसली होती, तिला तिच्या आईसमोर मी खोटं पाडलं. ते चुकीने केलं नाही.

त्या महिन्यात मी प्रोग्राम पुन्हा लिहिला. प्रश्न पोहोचल्यावर ब्राउझरने तसं कळवल्याशिवाय पाच मिनिटांचं घड्याळ सुरूच होणार नाही, असं केलं. मधूनमधून सर्व्हर प्रत्येक केंद्राला ‘आहेस का?’ विचारील आणि ‘आहे’ आलं नाही तर माझ्यासमोर घंटी वाजेल, असं केलं. प्रत्येक केंद्रावरच्या माणसाचा मोबाइल नंबर भिंतीवर लावला. पुढे दशक संपता संपता ब्राउझर आणि सर्व्हर यांनी दोन्हीकडून सतत बोलावं यासाठी जगभरातल्या लोकांनी मिळून एक नवा नियम बनवला. युक्त्यांची गरज संपली, प्रश्न धरून बसायचं कारण उरलं नाही. त्या नियमांचा कागद मी वाचत होतो तेव्हा त्यात एक छोटं कलम दिसलं. एकाने नुसती हाक द्यायची आणि दुसऱ्याने ओ द्यायचीच, मग बोलण्यासारखं काही असो वा नसो. मी तेवढंच कलम पुन्हा पुन्हा वाचलं. भाऊसाहेबांना दाखवावं असं वाटलं, पण ते त्याआधीच निवृत्त होऊन गावी गेले होते.

मी मलकापूरला गेलो ते त्या फेरीनंतर दोन वर्षांनी. तेही स्वतःहून नाही. दिलीपभाऊ काही कामासाठी आमच्या ऑफिसात आले होते. चहा पिताना मी जरा भीत भीत विचारलं, त्या मुलीचं पुढे काय झालं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी अर्जच केला नाही तिने. लग्न होऊन रत्नागिरीकडे गेली. मग कप खाली ठेवत म्हणाले, “तिची आई आजून सांगत असती की. पोरीच्या फुडं ताट वाढून आलतं, आन् पोरगी पेंगली. सोयरीक ठरवायच्या बैठकीत बी सांगितलं. पोरगी गुणाची हाय, पर जरा झोपाळू.” ते हसले. त्यांच्या मते तो विनोद होता.

पुढच्या शनिवारी मी मलकापूरची एसटी धरली. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. शाळेच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये शांताबाई मोठं पातेलं राखेने घासत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. मी कोण ते सांगितल्यावर हात धुतले, पदराला पुसले, आणि मला बसायला पोतं टाकलं.

मी सगळं सांगितलं. लाइन तुटली होती. प्रश्न तिच्यापर्यंत गेलाच नव्हता. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही मला ठाऊक होतं. जुळवलेलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. मध्ये मध्ये थांबत, तलाठ्याची खिडकी न सांगता, जसं सुचेल तसं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मला वाटलं होतं, शिव्या देतील. आमच्याकडच्या बायका देतात, आणि मी तयारीने गेलो होतो.

“म्हंजी ती पेंगली न्हवती,” त्या म्हणाल्या.

“नव्हती.”

“तुमी तवा का बोलला न्हाय?”

मी म्हणालो, भ्यालो. याहून खरं उत्तर मला तेव्हाही सापडलं नाही, आजही सापडलेलं नाही.

त्यांनी कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला, नंबर लावला आणि वाजायला लागताच माझ्या हातात दिला. तिकडून वैशालीचा आवाज आला. मागे लहान मूल रडत होतं. मी नाव सांगितलं. कोल्हापूर, नर्सिंगची फेरी, कॉम्प्युटर. मग तेच सगळं पुन्हा सांगितलं. माझं संपलं तरी तिकडून काही आलं नाही. मूलही गप्प झालं होतं. लाइन गेली की ती गप्प आहे, मला कळेना.

“ऐकू येतंय का?” मी विचारलं.

“येतंय,” ती म्हणाली. “मला काय सांगताय ते? मी तर तिथंच बसलेली. आईला सांगितलं का?”

“सांगितलं. इथेच आहेत.”

“मग तिच्याकडं द्या फोन.”

मी फोन शांताबाईंना दिला आणि शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. त्यांनी तो कानाला लावला. दुसऱ्या हाताने पातेल्याच्या काठावरची राख त्या पुसत होत्या, पुसलेली जागा पुन्हा पुसत होत्या. मी एसटी येईपर्यंत शाळेच्या मागच्या फाटकाजवळ थांबलो होतो. तिथून शेड दिसत होती. तेवढ्या वेळात त्यांचे ओठ हललेले मला दिसले नाहीत, आणि फोनही त्यांनी कानावरून काढला नाही.